कोकण नक्की कुणाचं होतं? शिलाहार, कदंब, यादव आणि आमच्या वाडीतला गधेगाळ

अष्टागरकर

नमस्कार मंडळी, बरेच महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज बसून लिहितोच.

आमची अलिबागजवळ नारळी-पोफळीची वाडी आहे. विहिरीच्या कडेला एक लांबट दगड आडवा पडलेला, लहानपणापासून त्यावर कपडे धुतलेले बघत आलो. आजी मात्र त्या दगडाला पाय लावू द्यायची नाही, का ते तिलाही सांगता यायचं नाही, तिच्या सासूने सांगितलं म्हणून एवढंच. गेल्या दिवाळीत विहिरीचा कठडा बांधताना तो पहारीने उलटा केला तर खालच्या बाजूला वर चंद्र-सूर्य, मध्ये कलश, आणि अगदी खाली गाढव आणि बाई. गधेगाळ! अक्षरं होती तिथे फक्त खरबरीत रेषा राहिल्यात, खारा वारा आणि मातीने सगळं खाल्लंय. तरी दोन तास मी तिथून हललो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गधेगाळ म्हणजे दान दिलेल्या जमिनीवरचा शापाचा दगड. हे दान जो मोडेल त्याच्या आईला गाढव, असा सरळ शिवीचा शाप. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालणार. आमच्या बाजूला, ठाणे-मुंबईकडे असे पुष्कळ सापडतात, त्यातले बरेच शिलाहारांच्या काळातले. आमच्या शेजारच्या अक्षीचा केशिदेवाचा मराठी शिलालेख बहुतेकांना माहीत असेल, त्याचं शके ९३४ म्हणजे १०१२ हे वाचन प्रसिद्ध आहे, त्यातही शेवटी हीच गाढवाची शिवी आहे.

आता मला छळणारा प्रश्न. हा शाप कुणासाठी होता? गावातल्या चोराला एवढी भीती घालायला कुणी दगड कोरून घेत नाही. मला वाटतं तो पुढच्या राजासाठी होता. दान देणाऱ्याला पक्कं माहीत होतं की आज जो राजा आहे तो उद्या असेलच असं नाही. त्या काळातल्या ताम्रपटांत एक श्लोक सारखा येतो, बहुभिर्वसुधा भुक्ता राजभिः सगरादिभिः, यस्य यस्य यदा भूमिस्तस्य तस्य तदा फलम्. सगरापासून कितीतरी राजांनी ही भूमी भोगली, ज्याची जेव्हा भूमी त्याला तेव्हा तिचं फळ. कोकणात बसून हा श्लोक वाचला की अंगावर काटा येतो, कारण इथे साडेचारशे वर्षं नेमकं हेच चाललं होतं. उत्तरेला ठाण्याचे शिलाहार, खाली दक्षिण कोकणचे शिलाहार, त्याखाली गोव्याचे कदंब, घाटावर कोल्हापूरचे शिलाहार, आणि पाठीमागे चालुक्य नाहीतर यादव. सगळ्यांना कोकण हवं होतं.

कशासाठी हवं होतं, यावर मला चर्चा करायचीय. इथली जमीन बघा, दोन डोंगरांत एक खाचर. भातशेतीच्या साऱ्यासाठी कुणी फौजा घेऊन घाट उतरेल असं मला तरी वाटत नाही. माझं मत, सगळं भांडण बंदरांसाठी होतं.

घाटावरचा

मस्त धागा. दगड उलटा करून बघितलात हे फार बरं केलंत, नाहीतर तो कठड्यात गेला असता.

पण सगळं बंदरांसाठी हे पटलं नाही. बिरुदं आणि मान याला त्या काळी काय वजन होतं ते विसरू नका. शिलाहारांची ठाण्याची आणि कोल्हापूरची घराणी स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवतात, म्हणजे आजच्या धाराशिवजवळच्या तेरचे स्वामी. त्यांचं निशाण सोन्याचा गरुड. एका मुळाचे म्हणवणारे लोक आहेत हे, आणि भाऊबंदकी काय असते ते कोकणी माणसाला मी सांगायला नको.

आमचा कोल्हापूरचा विजयादित्य घ्या. त्याने ठाण्याच्या पदच्युत राजाला परत गादीवर बसवलं आणि गोव्याच्या राजालाही स्थिर केलं असं त्याचा मुलगा दुसरा भोज आपल्या लेखात अभिमानाने सांगतो. यात जकात कुठे आली? घाटावरून खाली बघणाऱ्याला दोन्ही किनारे आपल्या शब्दात हवे होते. आणि शेवटी त्या भोजालाच १२१२ च्या सुमारास यादवांच्या सिंघणाने पन्हाळ्यावर संपवलं. म्हणजे कोकणचा मधला आधार तिथे गेला, तो मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

खारेपाटणचो

माजो आजो सांगी, खारेपाटणाक पूर्वी मोठी गलबतां येयत. आता खाडी गाळान भरली, पावसात पाणी बाजारात घुसता. बाहेरचो माणूस इलो की विचारता हय कसला बंदर?

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) अष्टागरकर दादा, तुमच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा आमच्या गावचा आहे. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा राजा रट्टराज, त्याचा शके ९३० म्हणजे १००८ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. दान अव्वेश्वराच्या देवळाला आहे. त्यात काय दिलंय बघा, गावं तर आहेतच, पण शिवाय परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचा गद्याण (नाणं), आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या गलबतामागे एक धरण (हेही नाणंच). वगळलीयत फक्त दोन बंदरं, चेमूल्य आणि चंद्रपूर. चेमूल्य म्हणजे तुमचं चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदर.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी आमच्या खाडीत कुठलं तारू कुठून आलं याचा हिशेब ठेवणारी माणसं होती आणि देवळाचा दिवा त्या पैशावर जळत होता. मी शाळेत असताना हे एकानेही सांगितलं नाही, इतिहास म्हणजे थेट विजयदुर्गापासून सुरू. मला याचं फार वाईट वाटतं.

अष्टागरकर

खारेपाटणचो, अगदी मनातलं बोललात. आणि त्यात चौल आणि चांदर वगळलंय ही गोष्ट परत एकदा वाचा सगळ्यांनी. एक उत्तर शिलाहारांचं बंदर, दुसरं कदंबांचं. म्हणजे डावी-उजवीकडचे दोन्ही बलाढ्य शेजारी. माझ्या मते या सवलतीमागे रट्टराजाची अडचण दिसते, दोघांनाही दुखवून चालणार नव्हतं.

आणि तरी तो टिकला नाही. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं बघा. १०२० मध्ये माळव्याचा भोज परमार कोकणविजयाचा उत्सव म्हणून दानं देतोय, त्याच वर्षात दोन ताम्रपट. १०२४ च्या मिरज ताम्रपटात चालुक्यांचा जयसिंह म्हणतोय की सप्तकोकणच्या अधिपतींचं सर्वस्व मी घेतलं, आणि तो कोल्हापुरात तळ देऊन आहे. त्याच सुमाराला ठाण्याचा अरिकेसरी दक्षिण कोकण गिळतो. चार वर्षांत तीन मालक! रट्टराजाच्या घराण्याचं नाव यापुढे ऐकूच येत नाही.

मग जकातीचं काय झालं? याचंही उत्तर खारेपाटणातच सापडलंय. १०९४ चा अनंतदेवाचा ताम्रपट. अनंतदेव ठाण्याचा, म्हणजे तोवर तुमच्या भागावर उत्तरेचा हक्क. तो भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोन अमात्य भावांच्या गलबतांना जकात माफ करतो, आणि बंदरांची नावं देतो, स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली. ठाणे, सोपारा, चौल आपल्याला माहीतच आहेत. अमात्य म्हणजे मंत्री आणि श्रेष्ठी म्हणजे व्यापारी, दोन्ही एकच माणूस, म्हणजे राज्य चालवणारा आणि गलबतं धाडणारा एकच. आणि हाच अनंतदेव स्वतःला पश्चिमसमुद्राधिपती म्हणवतो. घाटावरचा साहेब, बिरुद तुम्हाला हवं होतं ना, हे घ्या, पण ते समुद्राचं आहे, डोंगराचं नाही.

चांदरकर

गोव्यातून लिहितोय. मराठी थोडं इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे शिलाहारांच्या ताम्रपटातून बघताय म्हणून कदंब तुम्हाला बाहेरून आलेले वाटतात. आमच्याकडून बघा. चांदरची राजधानी पहिल्या जयकेशीने गोपकपट्टणला हलवली, म्हणजे आत नदीकाठावरून जुवारी खाडीच्या तोंडाशी, मोठी गलबतं जिथे लागतील तिथे. त्याने कापर्दिकद्वीपाच्या राजाला मारलं असं कदंबांचे लेख सांगतात. कापर्दिकद्वीप म्हणजे तुमचं उत्तर कोकण, पहिल्या कपर्दीच्या नावावरून. आता गंमत हिशेबाची आहे. तुमचे राजे आपल्या मुलखाला चौदाशे गावांचं कोकण म्हणतात, आमचे नऊशेचं कोकण म्हणतात, आणि नंतरचा जयकेशी तुमच्याच मुलखाला कवडीद्वीप सव्वालाख म्हणून आपल्या यादीत धरतो. दोन राजे एकच भूमी आपल्या दप्तरात लिहितायत, आणि प्रत्यक्षात तिथे कोण बसलाय ते लढाईच्या मोसमावर.

आणखी एक सांगतो, कारण बायकांचं नाव या भांडणात कुणी घेत नाही. पहिल्या जयकेशीची मुलगी मयणल्लदेवी गुजरातच्या कर्ण सोळंकीला दिली. सिद्धराज जयसिंह तिचा मुलगा. ठाण्याच्या दोन्ही बाजूंना आता एकमेकांचे सोयरे झाले, खाली कदंब, वर सोळंकी. दुसऱ्या जयकेशीची राणी मैलालदेवी, ती विक्रमादित्य चालुक्याची मुलगी. ठाण्याच्या राजाला रात्री झोप कशी लागत असेल याचा विचार करा.

घाटावरचा

चांदरकर, हा सोयरिकीचा धागा आमच्याकडून सुटलाच होता. आणि मराठी उत्तम आहे तुमचं.

ठाण्याच्या राजाची झोप म्हणालात, तर पहिल्या अपरादित्याचा ११२७ चा वडवलीचा ताम्रपट बघावा. छित्तुक्क नावाचा कोणी शत्रू चालून आला, सामंत फुटले, धर्म बुडाला, आणि अपरादित्य तलवार घेऊन एकटा घोड्यावरून त्याच्यावर गेला असं वर्णन आहे. तो कदंबांच्या बाजूचा असावा असं अभ्यासक मानतात. ताम्रपट म्हटला की अतिशयोक्ती धरायचीच, पण ‘सामंत फुटले’ हे कुणी आपल्या ताम्रपटात उगाच लिहीत नाही, ते कमीपणाचं आहे. तेवढं वाक्य मला खरं वाटतं.

दाभोळखाडी

+१. आणि त्यानंतर अपरादित्याने काय केलं ते आमच्या दापोली तालुक्यात दिसतं. ११३९ मध्ये त्याने प्रणाल म्हणजे आमचं पन्हाळे, तिथे मुलगा विक्रमादित्याला बसवलं. पन्हाळेकाजीला सापडलेल्या ताम्रपटावरून हे कळलं. ठाण्याहून सगळा दक्षिण भाग सांभाळणं जमत नव्हतं, म्हणून राजपुत्र मध्ये आणून ठेवला. पुढे ठाण्याचाच राजा मल्लिकार्जुन याच्या वेळी, ११५६ च्या चिपळूण शिलालेखात, तिथे सुपय नावाचा दंडनायक (सेनाधिकारी) दिसतो.

तुम्ही कुणी पन्हाळेकाजीला गेलायत का? लेणी नदीच्या काठाला एका रांगेत आहेत, बाहेरून कळतसुद्धा नाही, वाट उतरून खाली गेलं की एकदम सावली आणि पाण्याचा आवाज. मी नोव्हेंबरात गेले होते, आम्ही तिघंच होतो. तिथून आत खाडीकडे आणि वर घाटाकडे दोन्हीकडे लक्ष ठेवता येतं हे उभं राहिल्यावरच समजतं, पुस्तकात वाचून मला कधी समजलं नव्हतं. म्हणून मला अष्टागरकर दादांचं अर्धंच पटतं. नुसतं बंदर असून भागत नाही, माल घाटावर चढला पाहिजे. बंदर आणि घाटवाट दोन्ही एका हातात आली तरच पैसा. कोल्हापूरकर, चालुक्य, यादव सगळे यात का पडले ते यावरूनच कळतं.

मल्लिकार्जुनाचं पुढे काय झालं तेही लिहिते. त्याला राजपितामह म्हणत, राजांचा आजोबा. कुमारपाळ सोळंकीच्या दरबारात भाटाने हे बिरुद म्हटलं आणि कुमारपाळ चिडला, अशी गुजरातेतल्या जैन प्रबंधांत कथा आहे. त्याने आंबड नावाच्या मंत्र्याला धाडलं. पहिल्या वेळी आंबड हरला आणि लाजेने काळे कपडे घालून, काळं छत्र लावून राहिला. दुसऱ्यांदा गेला आणि मल्लिकार्जुनाला मारूनच आला.

घाटावरचा

म्हणजे एका बिरुदापायी राजा गेला. माझा मुद्दा थोडा तरी राहिला म्हणायचा. पण घाटवाटेचं तुमचं म्हणणं मान्य, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

बोरिवली_पश्चिम

सगळे प्रतिसाद वाचून काढले. शेवटच्या लढाईचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण तिची चित्रं माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर उभी आहेत.

एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड. माणसापेक्षा उंच दगड, आणि आजूबाजूला बिल्डिंगा, पार्क केलेल्या रिक्षा. लोक देव म्हणून पूजतात, हार-फुलं असतात. खालून वर वाचत जायचं. खाली लढाई, वरच्या पट्ट्यात मेलेला वीर अप्सरांबरोबर वर जातोय, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. काही दगडांवर मात्र लढाई समुद्रात आहे. लांबट गलबतं, पुढची नाळ उंच उचललेली, मधोमध डोलकाठी, आणि कडेने वल्ह्यांची रांग, सगळी वल्ही एकाच कोनात पाण्यात. मी सकाळी साडेसातला जातो, तेव्हा ऊन बाजूने पडतं आणि एकेक वल्हं सुटं दिसतं. दुपारी काही दिसत नाही, सपाट वाटतं.

शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर. उरणजवळ रानवडला त्याचा १२५९ चा आणि चांजेला १२६० चा शिलालेख आहे, म्हणजे तोवर तो राज्य करतोय. मग देवगिरीचा महादेव यादव उतरला. त्याचा मंत्री हेमाद्री याने त्याच्या प्रशस्तीत लिहिलंय की महादेवाच्या हत्तींच्या गंडस्थळांतून वाहणाऱ्या मदाच्या नद्यांत, समुद्र तरून जाण्यात तरबेज असलेला कोकणचा राजा सोम सैन्यासकट बुडाला. १२६५ च्या सुमाराची गोष्ट. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी एक्सरचे वीरगळ याच लढाईशी जोडले. काही जण दगड आधीचे मानतात. मी मिराशींच्या बाजूने आहे, हत्तीही कोरलेत आणि गलबतंही, अशी लढाई आपल्या किनाऱ्यावर दुसरी कुठली सांगा?

कोळीवाड्यातली

मी उरणकडची. रानवड, चांजे ही आमची रोजची गावं, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. तिथे सोमेश्वराचे लेख सापडले हे मला आज कळतंय.

इतिहास मला फार येत नाही, पण पाण्याचं सांगते. देवगिरीचा राजा हत्ती घेऊन आला तर हत्ती खाडीपर्यंतच येणार. पुढे चिखल, तिवरं. ओहोटीला पायी जावं तर कमरेपर्यंत रुततं, हत्तीचं काय होईल. म्हणजे महादेवाला गलबतं आणि ती चालवणारी माणसं इथूनच मिळाली असणार. घाटावरून कुणी वल्ही खांद्यावर घेऊन येत नाही. याचा अर्थ काय तो बघा, दोन्ही बाजूंच्या गलबतांवर वल्ही मारणारे आमच्यासारखेच असतील, या खाडीतले नाही तर त्या खाडीतले. उधाण कधी, भांग (लहान भरती) कधी, वारा कधी फिरतो हे माहीत असल्याशिवाय राजाला समुद्रात गाठता येत नाही. पोहण्यात तरबेज राजा बुडाला असं लिहिलंय ना, मग त्याला पाणी ओळखणाऱ्यांनीच कोंडला असणार.

बोरिवली दादा, त्या दगडावर वल्ही मारणारे लोक दिसतात का? की फक्त वल्ही?

बोरिवली_पश्चिम

ताई, इतकी वर्षं जातोय आणि हा प्रश्न मला पडला नाही. उद्या सकाळी जाऊन बघतो.

अष्टागरकर

कोळीवाड्यातली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

दाभोळखाडी ताईंचं घाटवाटेचं म्हणणं मला मान्य आहे, माझं पहिलं मत अपुरं होतं. आणि शेवट तर बघा. सोमेश्वर १२६५ च्या सुमाराला बुडतो, आणि १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात यादव रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक साष्टीतलं गाव ब्राह्मणांना दान देतोय. सात वर्षं. नवा राजा, नवा अधिकारी, आणि दानाची रीत तीच. ज्याची जेव्हा भूमी.

रविवारी वाडीत गेलो होतो. गवंडी म्हणत होता, दगड चांगला आहे, कठड्यात बसवू. काकांनीही आधी तेच म्हटलं. मी त्यांना चंद्र-सूर्य दाखवले, आजीचं बोलणं आठवून दिलं, मग ते गप्प झाले. आम्ही चौघांनी तो विहिरीपासून बाजूला नेला, पोफळीखाली उभा केला, पायाला दगड लावले. नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतला, बाकी काही लावलं नाही, शेंदूर तर नाहीच. ओला असताना गाढवाच्या वर डाव्या बाजूला तीन अक्षरांसारखं काहीतरी दिसलं. वाळल्यावर गेलं. बोरिवली दादा, तुमचं सकाळच्या उन्हाचं ऐकून पुढच्या रविवारी उजाडता उजाडता जातोय, तिरक्या उजेडात फोटो काढून इथेच टाकतो. जुनी लिपी वाचता येणारं कुणी असेल तर धाग्यावर लक्ष ठेवा.

बोरिवली_पश्चिम

आत्ताच एक्सरहून आलो. ताई, माणसं आहेत. वल्ह्यांच्या वर छोटी छोटी डोकी, रांगेने. चेहरे झिजलेत, पण प्रत्येक वल्ह्यामागे एक आहे.